वरातीमागून प्रशियन

आमच्या जेवणाच्या टेबलावर मार्चपासून कोणी जेवलेलं नाही. तिथे प्रशियाचं सैन्य वाळत घातलंय.

कुरडया वाळत घालाव्यात तशा रांगा. माणूस जेमतेम पंधरा मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. धातूचा. आधी काळा हात द्यायचा, मग निळा, मग चामडी पट्टे पांढरे, बंदूक तपकिरी, आणि शेवटी श्वास रोखून चेहऱ्याचा ठिपका. चिरंजीव चौदा वर्षांचे. यॉर्कशायरमधल्या आमच्या छोट्या गावात लढाया टेबलावर लढणाऱ्यांचा एक क्लब आहे, तिथे तो जातो. यंदा जूनमधल्या एका रविवारी त्यांनी वॉटर्लू, म्हणजे १८ जून १८१५ ला नेपोलियन शेवटचा हरला ती लढाई, लढायचं ठरवलं आणि सैन्य रंगवायला सभासदांत वाटून दिलं. याच्या वाट्याला प्रशियन, म्हणजे प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचे सैनिक, आले.

त्यातले चोवीस मी रंगवले. हौस म्हणून नाही, टेबल लवकर मोकळं व्हावं म्हणून. पण डबीवरचं रंगाचं नाव वाचलं आणि जरा थांबले. प्रशियन ब्ल्यू! एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षांना कॅमलच्या ट्यूबांत हा असायचा. थोडा जास्त पिळला की अख्खं आकाश पावसाळी व्हायचं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये बनलेला रंग, म्हणून ते नाव. तेव्हा प्रशिया म्हणजे काय हे मी कुणाला विचारलं नव्हतं. आता त्याच रंगात तिथल्या लोकांना कोट शिवून देत होते.

लढाईच्या आदल्या रात्री पोराला एकशे दोन ताप. "आई, तू जा. प्रशियनांना कोणीच नाहीये," असं तो ज्या आवाजात म्हणाला, त्या आवाजात मुलं फक्त आजारी असतानाच बोलतात. गेले.

सभागृहात पाऊल टाकलं आणि मला दिवाळीच आठवली. बारा फूट बाय सहा फूट टेबल, खाली पुस्तकं आणि लाकडाचे तुकडे ठेवून वर हिरवं कापड ओढलेलं, की झालं टेकाड. आम्ही किल्ल्यावर अळीव पेरायचो, इथे डबीतलं कृत्रिम गवत गोंदावर भुरभुरवतात. फरक एवढाच की आमच्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच, आणि दोघांहून मोठा वाघ गुहेबाहेर बसलेला. इथे घराचं छप्पर चार मिलिमीटरने चुकलं तरी दोन म्हातारे त्यावर पाऊण तास बोलू शकतात. एकाने तर मला माझ्या चोवीस जणांच्या कॉलरचा रंग कुठल्या रेजिमेंटचा, असं विचारलं. "आमच्याकडे हाच रंग शिल्लक होता," हे खरं उत्तर मी दिलं नाही.

टेबलाच्या मधोमध आडवं टेकाड. त्यावर इंग्रज सेनापती वेलिंग्टनचे अडुसष्ट हजार, समोरच्या चढावर नेपोलियनचे बहात्तर हजार. अर्थात एका पुतळ्यामागे शंभर माणसं धरून. खरी फळी जवळपास चार किलोमीटरची, ती बारा फुटांत बसवलेली. वेलिंग्टनच्या उजव्या बाजूला उगोमाँची गढी, मध्ये ला ए सांतची शेतवाडी, डावीकडे पापलोत. आणि त्याच्याही पलीकडे, टेबलाच्या कडेबाहेर, एका खुर्चीवर बुटांच्या खोक्यात प्रशियन सैन्य आणि शेजारच्या खुर्चीवर मी.

खरं तर मी आधीच सांगून टाकलं होतं की मला वेलिंग्टनच्या विरुद्ध बाजू हवी. आमचा जुना हिशेब आहे. वेलिंग्टन होण्याआधी हा माणूस नुसता आर्थर वेलस्ली होता, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला त्याने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. शिंद्यांच्या तोफांनी त्याचीही दीड हजारांवर माणसं मारली वा जायबंदी केली. पुढे म्हातारपणी कोणीतरी विचारलं, तुमची सर्वांत चांगली लढाई कुठली, तर हा गृहस्थ वॉटर्लू म्हणाला नाही, असई म्हणाला. हे मी पंचांना सांगितलं. पंच म्हणजे क्लबचे सर्वांत ज्येष्ठ सभासद, सत्तरीचे, खिशात तीन मोजपट्ट्या. ते गंभीरपणे म्हणाले, "फारच रास्त कारण आहे. पण उरलेत ते प्रशियन. आणि प्रशियन त्याला वाचवायला येतात."

म्हणजे असईचा सूड घ्यायला गेलेली मी, वेलिंग्टनची सुटका करायला खुर्चीवर बसले.

दहाला खेळ सुरू झाला आणि पहिल्याच डावात भांडण. नेपोलियन झालेले गृहस्थ निवृत्त पोस्टमन होते. त्यांचं म्हणणं, मी सकाळी सहालाच हल्ला करणार. बरोबरच आहे. खऱ्या नेपोलियनने साडेअकरापर्यंत वाट पाहिली, कारण आदल्या, सतरा जूनच्या रात्री पाऊस धो धो कोसळला होता. चिखलात तोफा हलेनात, आणि तोफगोळे जमिनीवर टप्पे घेत पुढे जाण्याऐवजी रुतून बसत. तेवढ्या वेळात प्रशियन जवळ सरकले. आपले पोस्टमन हे सगळं जाणून होते. प्रशियन येणार, कुठून येणार, साधारण कधी येणार. आपल्या ग्रूशी नावाच्या सेनापतीला तेहतीस हजार माणसं देऊन प्रशियनांच्या मागावर पाठवलं, तो दिवसभर भलतीकडेच वाव्रला लढत बसणार. ला ए सांतमधल्यांची काडतुसं संपणार. सगळं पाठ.

यातच या खेळाची खरी अडचण आहे, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं. सैनिक बनवता येतात, टेकाड बनवता येतं, पण त्या दिवशी नेपोलियनला जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक नसणं काही केल्या बनवता येत नाही. वेलिंग्टनची मोठी युक्ती म्हणजे त्याने बरंचसं सैन्य टेकाडाच्या मागच्या उतारावर आडवं झोपवून ठेवलं होतं. समोरून दिसतच नव्हतं. पण टेबलाभोवती आपण सगळे देवासारखे वरून बघणार! म्हणून पंचांनी तिथे पुतळ्यांऐवजी पालथे पत्ते ठेवले होते, काही कोरे, काही खरे. फ्रेंच जवळ गेल्यावर पत्ता उलटायचा. पोस्टमन मात्र प्रत्येक पत्त्याकडे असे बघत होते की जणू पाकीट न उघडता आतलं पत्र वाचता येतं. इतकी वर्षं ते काम केल्यावर कदाचित येतही असेल.

माझे वडील दर संक्रांतीला पानिपत पुन्हा लढत. १४ जानेवारी १७६१. दिवाणावर चादरीच्या घड्या घालून मैदान, अडकित्ता म्हणजे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, तपकिरीची डबी म्हणजे अब्दाली. शेजारचे काका तिळगूळ द्यायला आले की त्यांना सरदार विंचूरकर करायचे. "हे बघा, फौजेचा गोल इथे फुटला. इथे घोडदळ धीर धरून राहतं, तर..." आणि काका तिळाचा लाडू फोडत म्हणायचे, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." दरवर्षी हेच. दरवर्षी वडील अडकित्ता दोन बोटं डावीकडे सरकवायचे आणि दरवर्षी अब्दाली जिंकायचा, कारण प्रामाणिकपणा आड यायचा. इंग्रजीत मोठ्या पराभवाला वॉटर्लू म्हणतात, आपण पानिपत म्हणतो. पण वॉटर्लू इंग्रजांनी जिंकलेलं आहे. दुसऱ्याच्या पराभवाचा शब्द करणं सोपं.

चौथा डाव, पाचवा डाव. मी खुर्चीवरच. नियम असा की लढाईच्या घड्याळात साडेचार वाजले की प्रत्येक डावाला मी फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडला तर प्रशियन टेबलावर. एक डाव म्हणजे लढाईतला अर्धा तास. आमच्या घड्याळात बरेचदा तेवढाच वेळ जायचा.

शेजारी वेलिंग्टनच्या बाजूचे एक दंतवैद्य बसले होते. त्यांनी वेळ जावा म्हणून मला सायबॉर्नची गोष्ट सांगितली. मी आणि लेकाने ते मॉडेल लंडनला चेल्सीच्या लष्करी संग्रहालयात पाहिलं होतं, पण त्यामागची ही कथा मला माहीत नव्हती. विल्यम सायबॉर्न हा लष्करी अधिकारी १८३० मध्ये ला ए सांतच्या शेतवाडीत जाऊन आठ महिने राहिला, सगळं रान मोजून काढलं. मग लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना शेकड्यांनी पत्रं पाठवली: संध्याकाळी सात वाजता तुम्ही नेमके कुठे होता? समोर कोण होतं? पीक किती उंच होतं? त्यावरून त्याने हजारो इवल्या सैनिकांचं अख्खं रणांगण बनवलं, सातच्या सुमारास गोठवलेलं. मध्येच सरकारने पैसे थांबवले, याने स्वतःचे घातले. १८३८ मध्ये लंडनला लोकांनी रांगा लावून ते पाहिलं, तरी कर्ज फिटलं नाही. आणि खरं दुखणं वेगळंच. सात वाजता प्रशियन किती आत आले होते, हे त्याने जसं कळलं तसं दाखवलं होतं. ते वेलिंग्टनच्या पसंतीस उतरलं नाही. विजयाचा किती वाटा प्रशियनांचा, हा प्रश्न नाजूक होता. शेवटी सायबॉर्नने हजारो प्रशियन मॉडेलवरून उचलले.

"म्हणजे प्रशियनांना टेबलावर येऊ न देण्याची इथे परंपराच आहे," मी म्हटलं. दंतवैद्य हसले. माझं दान पडलं: दोन.

तेवढ्यात टेबलावर नेपोलियनचा सेनापती मार्शल ने बिघडला. हे नाव मराठीत फार गैरसोयीचं आहे. 'ने ने हल्ला केला' म्हटलं की मला सदाशिव पेठेतले नेने तलवार उपसून धावताना दिसतात. खऱ्या लढाईत चारच्या सुमारास या ने ने पुरेसं पायदळ सोबत न घेता हजारो घोडेस्वार टेकाडावर घातले, पुन्हा पुन्हा. वर वेलिंग्टनचं पायदळ चौकोन बांधून उभं होतं, चारी बाजूंना संगिनी. संगिनींच्या भिंतीवर घोडा जात नाही, कितीही शूर असला तरी. पोस्टमन अर्थातच हे करणार नव्हते. त्यांनी घोडदळ नीट तोफांमागे जपून ठेवलं होतं. पण पंचांनी ने साठी वेगळा फासा ठेवला होता: एक पडला तर साहेब कुणाचं ऐकणार नाहीत. एक पडला. पोस्टमन बिचारे आपल्या हाताने आपले चिलखती स्वार एकेक करत त्या चौकोनांवर नेऊन ठेवू लागले, जावयाला नको तो आहेर देताना चेहरा असतो तसा चेहरा करून.

माझं दान: एक. पुढचं दान: तीन.

प्रशियनांचा सरसेनापती ब्लूशर तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. दोनच दिवस आधी लिन्यीच्या लढाईत त्याचा घोडा त्याच्या अंगावर पडला होता, फ्रेंच स्वार त्याच्यावरून गेले होते. तरी तो अंग चोळून घेऊन चिखलातून फौज रेटत आला. मी नुसती खुर्चीवर बसून कंटाळले होते. शेवटी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांच्या चहाच्या कपबशा विसळायला घेतल्या. दानच पडत नसेल तर निदान हात तरी चालू राहावेत.

दहा-बारा कप झाले असतील, तोच पंच दारात. "मॅडम, सहा पडला! मी तुमच्या वतीने टाकला. चला." नंतर वाचलं तेव्हा कळलं, खऱ्या लढाईतही असंच झालं होतं. प्रशियनांचा एक सेनापती त्सीटन ऐन वेळी पापलोतजवळून परत वळायला निघाला होता, तर वेलिंग्टनच्या गोटातला प्रशियन प्रतिनिधी म्यूफलिंग घोडा फेकत त्याला आणायला गेला. याच म्यूफलिंगने पुढे १८२४ मध्ये प्रशियन अधिकाऱ्यांनी नकाशावर फासे टाकून खेळायचा युद्धखेळ पाहिला आणि म्हणाला, हा खेळ नव्हे, हे युद्धाचं शिक्षण आहे. त्यातूनच हे सगळे क्लब निघाले, म्हणून मी त्याला माझ्या कपबशांच्या बाबतीत माफ केलं.

ओल्या हातांनी मी खोक्यातून प्रशियन काढले आणि पापलोतच्या अंगाने टेबलावर मांडले. समोरच फ्रेंच धाटणीचे हिरवे डगले. मी मोजपट्टी लावली, अंतर बसत होतं, फासे टाकले. पाच, सहा, सहा. अकरा पुतळे आडवे. मला वाटलं टाळ्या पडतील. टेबल शांत.

"ते नासाउचे आहेत," दंतवैद्य हळूच म्हणाले. "आपले."

माझे कान गरम झाले. पण पंच हातातला चहाचा कप खाली ठेवून इतक्या जोरात हसले की चष्मा पुसावा लागला. त्या संध्याकाळी खऱ्या प्रशियनांनीही नेमकं हेच केलं होतं. वेलिंग्टनकडून लढणाऱ्या नासाउ या जर्मन संस्थानाच्या तुकड्यांचे कपडे फ्रेंचांसारखे दिसले आणि आल्या आल्या त्यांनी मित्रांवरच गोळ्या झाडल्या. "सकाळपासून या टेबलावर इतिहासाप्रमाणे झालेली ही पहिली गोष्ट," पंच म्हणाले, आणि पोस्टमननी त्या दिवसात पहिल्यांदा माझ्याकडे प्रेमाने पाहिलं.

घरी आले तेव्हा पोराचा ताप उतरला होता. तो गादीवर बसून वाटच बघत होता. खोकं उघडून आधी सैन्य मोजलं, मग मला विचारलं, "किती वाजता पोचलीस?"

"साडेसहाला."

"आई! ब्लूशरचे लोक साडेचारला पोचले होते."

"त्यांना कपबशा विसळायच्या नव्हत्या," मी म्हटलं आणि टेबलावरचे उरलेले प्रशियन उचलायला लागले.