समोरच्या इमारतीत वीज आली, आमच्याकडेच का नाही?

वादळाच्या दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजला की पलीकडून कोणी ख्यालीखुशाली विचारत नाही. ‘अहो, समोरच्यांचे दिवे लागले, आमच्याकडेच अंधार. असं का?’ सबस्टेशनच्या नियंत्रण कक्षात मी उमेदीची वर्षं काढली. आता निवृत्त झालो, तरी नातेवाइकांच्या लेखी त्यांची वीज मीच अडवून धरलेली असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर सांगतो.

समोरची इमारत तुमच्या खिडकीतून समोर दिसते. विजेच्या नकाशात ती कदाचित तुमची शेजारीण नसेलच. तिची डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) वेगळी, फीडर (सबस्टेशनहून डीप्यांपर्यंत वीज आणणारी लाइन) वेगळा, कधी कधी सबस्टेशनसुद्धा वेगळं.

फांदी तारेवर पडली की फीडर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. उघड्या तारांवरचे बहुतेक दोष क्षणिक असतात, फांदी घासून जाते, पक्षी चिकटतो आणि खाली पडतो. म्हणून रिक्लोजर नावाचा आपोआप चालणारा स्विच काही सेकंदांत स्वतःच लाइन पुन्हा चार्ज करून, म्हणजे तिच्यात वीज सोडून बघतो. दिवे दोन-तीनदा येतात-जातात ते यामुळे. त्यानंतरही लाइन टिकली नाही तर यंत्र हात टेकतं आणि माणसाला निघावं लागतं.

लोकांना वाटतं, वेळ दुरुस्तीला लागतो. तुटलेला जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) बांधायला कितीसा वेळ लागणार? वेळ जातो तो शोधण्यात. पावसात, बॅटरीच्या उजेडात, खांबामागून खांब. तडकलेला इन्सुलेटर (तार खांबापासून वेगळी धरणारा भाग) तर खालून दिसतही नाही. मग आम्ही लाइन अर्ध्यावर तोडतो: मधला स्विच उघडायचा आणि सबस्टेशनकडची बाजू चार्ज करायची. टिकली, तर दोष पुढे आहे. पुढच्या तुकड्याचेही पुन्हा दोन भाग. म्हणजे एकही तार जोडलेली नसताना निम्म्या लोकांकडे वीज आलेली असते. समोरची इमारत त्या निम्म्यात असली आणि तुम्ही नसलात, की माझा फोन वाजतो.

दोष सापडला की परमिट, म्हणजे बंद लाइनवर काम करायची परवानगी. इथे सगळ्यांचा धीर सुटतो आणि इथेच घाई चालत नाही. बंद लाइन म्हणजे सुरक्षित लाइन नव्हे. कोणीतरी घरचा जनरेटर चेंजओव्हर (घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा स्विच) न टाकता जोडलेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर उलटाही चालतो: घराकडून 230 व्होल्ट शिरले की पलीकडे 11 हजार उभे राहतात. खांबावरचा माणूस मात्र लाइन मेलेली समजून हात घालणार. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना लाइन जमिनीशी जोडून अर्थिंग करायचं, आणि ज्याच्या नावावर परमिट त्यानंच ते परत करायचं. परमिट परत येईपर्यंत मी ब्रेकरला, म्हणजे लाइन चालू करणाऱ्या स्विचला, हात लावला नाही, मग फोनवर कोणीही कितीही ओरडो. (ओरडणाऱ्यांत आमचे वरिष्ठही असायचे.)

क्रम कसा ठरतो, हेही विचारता. आधी मुख्य वाहिन्या आणि सबस्टेशनं, कारण मूळ तुटलेलं असताना पान हिरवं करून उपयोग नाही. त्यातच रुग्णालयं आणि पाणीपुरवठ्याचे पंप. मग एका दुरुस्तीत जास्तीत जास्त घरं उजळतील असे फीडर, मग डीपी आणि सगळ्यात शेवटी एकट्या घराची सर्व्हिस वायर. त्या घराला हा अन्याय वाटतो. पण जी चार माणसं त्या एका घरासाठी खपतात, तीच तेवढ्या वेळात हजार घरं उजळू शकतात. हा क्रम मी नेहमीच योग्य मानत आलो. ‘अर्ध्या तासात येईल’ हे उत्तर मात्र मला कधीच पटलं नाही. दोष सापडलेलाच नसताना वेळ सांगणं म्हणजे थाप मारणं. ‘अजून शोधतोय’ असं सांगावं, लोक समजून घेतात.

हे झालं वादळाचं. आख्खा ग्रिड, म्हणजे वीज केंद्रं आणि वाहिन्यांचं सगळं जाळं, कोसळला की प्रश्न उलटा होतो: तारा धड असतात, पण त्यांत वीज नसते. 30 जुलै 2012 ला पहाटे उत्तर भारताचा ग्रिड गेला आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड बसले. औष्णिक केंद्राला स्वतःचे पंप आणि पंखे चालवायलाच आधी वीज लागते, ती बाहेरून आणावी लागते. जलविद्युत केंद्राचं तसं नाही. थोडक्या आधारावर झडपा उघडल्या की पाणीच टर्बाइन फिरवतं. एप्रिल 2025 मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले तेव्हाही जलविद्युत उपयोगी पडली आणि स्पेनला फ्रान्स, मोरोक्कोकडूनही वीज मिळाली. मग एकेक बेट, म्हणजे एखादं केंद्र आणि त्याच्याभोवतीचा छोटा वेगळा ग्रिड, उभं करायचं. जेवढी निर्मिती तेवढाच लोड (विजेची मागणी) जोडायचा. लोड जास्त झाला तर फ्रिक्वेन्सी (विजेची दर सेकंदाची आवर्तनं) पडते, कमी झाला तर चढते. चुकलं की पुन्हा शून्यापासून. दोन बेटं जोडताना तर आख्ख्या नियंत्रण कक्षात कोणी खोकतही नाही.

लहान प्रमाणात हेच तुमच्या फीडरवर होतं. बराच वेळ वीज नसली की सगळे फ्रिज, पंप, एसी एकदम सुरू व्हायला टपलेले असतात. लोड नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उसळतो आणि नुकताच लावलेला फीडर पुन्हा पडतो. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, वीज गेली की मोठी उपकरणं बंद करा, एक दिवा तेवढा चालू ठेवा.

भाच्यानं हे फारच मनावर घेतलं. मागच्या वादळात दुसऱ्या रात्री त्याचा फोन आला. समोरच्यांकडे कालच आली, खालच्या मजल्यावरही आली, आमच्याकडेच नाही. मी विचारलं, ‘तू बंद काय काय केलं होतंस?’

‘सगळंच. मेन स्विचच पाडला होता.’

मग थोडी शांतता. मग खट् असा आवाज, मागे पंखा फिरू लागल्याची घरघर, आणि फोन कट.