बंबात आधी पाणी, मग जाळ

आमच्या सहकारनगरच्या घरामागे थोडी फरशी घातलेली मोकळी जागा आहे, तिथे आजेसासूबाईंचा तांब्याचा बंब आहे आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीपासून संक्रांतीपर्यंत तो रोज पेटतो. गीझर आहे, पण पहाटेच्या गारठ्यात घरात सगळ्यांना बंबाचंच कढत पाणी लागतं. यंदा शेजारच्या दोघी गावाकडून जुने बंब घेऊन आल्यात आणि रोज काही ना काही विचारतायत, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

बंबाच्या मधोमध नळी असते, तिच्यात जाळ, खाली जाळी, आणि नळीभोवती पाणी. नळीला आगीपासून वाचवतं ते फक्त हे पाणीच. जुन्या पद्धतीच्या बंबात वरून गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी बाहेर येतं, त्यामुळे तो रिकामा होत नाही. आमच्या बंबाला मात्र नंतर कुणीतरी खाली तोटी बसवून घेतली, आणि तिथेच घात झाला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेलं, एकामागून एक बादल्या निघत होत्या, प्रत्येकाला वाटलं पाणी दुसऱ्याने ओतलं असेल आणि मी आपली खालून लाकडं सारतेय. मग टक् टक् असा आवाज यायला लागला, बघते तर खालच्या बाजूचं तांबं जांभळट पडलेलं. नणंद गार पाण्याची कळशी घेऊन धावली, तिला मी ओरडूनच थांबवलं, कारण तापलेल्या रिकाम्या बंबात पाणी पडलं की वाफ एकदम उसळून तोंडावर येते. सांडशीने जाळ बाहेर ओढला आणि बंब आपोआप गार होऊ दिला. दुपारी पाणी भरलं तर सांध्यातून थेंब थेंब गळायला लागलं.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या आळीत, नेला. तिथल्या काकांनी बोट फिरवून दाखवलं, सांध्याचा डाख, म्हणजे जोडायला वितळवून लावलेला धातू, ओघळून त्याची गोळी झाली होती. पाणी भरलेलं असलं की तांबं शंभर अंशांच्या फार वर जात नाही, रिकामं असेल तर बघता बघता दोनशेच्या पुढे जातं आणि तेवढ्यात डाख वितळतो. जुन्या डाखात शिसंही असतं, म्हणून बंबाचं पाणी अंघोळीलाच, प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही. आता आमच्याकडे नियम एकच, बादली काढेल त्याने आधी बादलीभर ओतायचं. आणि पाणी ओतायच्या तोंडात बोळा वगैरे अजिबात कोंबू नका, वाफेला बाहेर पडायला वाट हवी.

लाकूड बाभळीचं चांगलं, निखारा टिकतो, पेटवायला नारळाची शेंडी आणि करवंटी. दोन ढलप्या एकमेकांवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत, बद्द आवाज आला म्हणजे ओल आहे, मग नुसता धूर आणि नळीत काजळी. सुताराकडचं प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, प्लॅस्टिक यातलं काही जाळू नका, तो धूर विषारी असतो. रॉकेल तर कधीच ओतू नका. काजळी साठली की धूर वर ओढला जात नाही, म्हणून दर रविवारी बंब गार असताना मी काठीला काथ्या बांधून नळी घासते. बाहेरून चिंच आणि मीठ.

बंब पेटता असो की नुसते निखारे असोत, बाथरूममध्ये आणू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. जुन्या वाड्यांत न्हाणीघराला वर मोकळे झरोके असायचे, आपल्या बाथरूमला एक काचेची खिडकी आणि तीही थंडीत बंद. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला ना वास ना रंग, माणूस गुंगीत जातो आणि कळतही नाही.

राख वरून गार दिसते पण आत विस्तव दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात आणि लाकडांपासून लांब ठेवा. पोरं आसपास असतील तर एक मोठं माणूस तिथे हवंच, ओढणी-पदर खोचलेला. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट नाही, तूप नाही.

बंब वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असेल तर पेटवायच्या आदल्या रात्री तो काठोकाठ भरा आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद ओला दिसला तर काडी लावू नका, सरळ तांबट आळी गाठा.