अमेरिका आडवी पार: संग्रहालयं, पार्किंग आणि कॅन्ससचा वारा

न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस गाडीने जातोय म्हटलं की सल्ला ठरलेला: संग्रहालयं दोन्ही टोकांना बघा, मधला प्रदेश नुसता कापायचा. तद्दन खोटं. या प्रवासातली सगळ्यात सुखाची संग्रहालयं मध्येच आहेत आणि त्यातली बरीचशी फुकट आहेत.

न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय, बघायलाच हवं, तिथे वाद नाही. राज्याबाहेरच्या प्रौढाला ३० डॉलर. त्याच तिकिटावर त्याच दिवशी क्लॉइस्टर्स ही मेटचीच मध्ययुगीन कलेची शाखाही बघता येते, पण त्या भानगडीत पडू नका. ती शहराच्या पार वरच्या टोकाला आहे आणि मेटच दिवस खातं. भाड्याची गाडी न्यूयॉर्क सोडायच्या दिवशीच ताब्यात घ्या. दुसऱ्या शहरात परत करण्याचे वेगळे पैसे लागतात, ते भाव ठरवतानाच विचारा.

आता खरी अडचण. हॉटेलात खोली दुपारी तीननंतर मिळते, संग्रहालय पाचला बंद होतं आणि तुमचा संसार गाडीच्या डिकीत असतो. संग्रहालयाच्या सामानघरात सुटकेस घेत नाहीत. मागच्या सीटवर बॅगा दिसतील अशी गाडी शहरात सोडणं म्हणजे काच फोडायचं आमंत्रण. त्यामुळे रस्ता नकाशावरून आखू नका, संग्रहालयांच्या रात्रीच्या वेळांवरून आखा. मेट शुक्रवार-शनिवारी नऊपर्यंत, क्लीव्हलँड बुधवार-शुक्रवारी नऊपर्यंत, शिकागो गुरुवारी आठपर्यंत. आधी खोली, मग अंघोळ, मग चित्रं. सुट्ट्यांचाही घोळ आहे: मेट बुधवारी बंद, शिकागो मंगळवार-बुधवार, क्लीव्हलँड आणि सेंट लुइस सोमवारी. निघायच्या आदल्या रात्री त्या-त्या संग्रहालयाच्या साइटवर वेळ बघा, जुन्या याद्यांवर विसंबू नका.

क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात प्रवेश कायमचा मोफत आहे. चिलखतांचं दालन सगळे बघतातच, तुम्ही भारतीय दालनात जा. तिथला चोळकालीन नटराज रिकाम्या खोलीत, कुणाचा धक्का न लागता, हवा तेवढा वेळ बघायला मिळाला. मेटमधल्या गर्दीनंतर मला तर भरून आलं. एकच ठिकाण निवडायचं असेल तर हेच निवडा.

शिकागो. आर्ट इन्स्टिट्यूटबद्दल तक्रार नाही, तिकीट ३० डॉलरच्या वर असलं तरी. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सराचं ठिपक्यांचं अवाढव्य चित्र, हॉपरचं 'नाइटहॉक्स', सगळं एका छताखाली. शिवाय १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले ती हीच इमारत. मुंबईचा चित्रकार जितीश कल्लाटने २०१० मध्ये त्या भाषणाची अक्षरं इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उजळली होती. पण पार्किंग! रस्त्यावरच्या पाटीवर मोठ्या आकड्यात स्वस्त दर, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अट: सकाळी नऊच्या आत गाडी आत हवी. संग्रहालय उघडतं अकराला! म्हणजे संग्रहालय बघायला येणाऱ्याला तो दर मिळणारच नाही, हे पाटी लावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बाहेर पडताना मशीनने जे मागितलं ते माझ्या तिकिटापेक्षा जास्त होतं. खिडकीत माणूस नाही, मागे हॉर्न वाजतायत, काय भांडणार? गाडी उपनगरातल्या स्टेशनवर लावा आणि मेट्रा लोकलने या. गाडी आणायचीच असेल तर जागा आदल्या दिवशी अॅपवर बुक करा, पाटी बघून आत शिरू नका.

सेंट लुइसचं संग्रहालय मोफत आणि तिथलं मोकळ्यावरचं पार्किंगही मोफत. छान गेला दिवस. कॅन्सस सिटीत नेल्सन-ॲटकिन्स कलासंग्रहालय, तेही मोफत. हिरवळीवर पडलेली बॅडमिंटनच्या फुलांची भलीमोठी शिल्पं सोडून आत जा, लाकडी ग्वान-यिनसमोर, म्हणजे करुणेच्या चिनी बौद्ध देवतेसमोर, बसा. पहिल्या महायुद्धाचं संग्रहालय त्याच शहरात आहे. दारातच काचेचा पूल आणि त्याखाली ९,००० लाल पॉपी, एकेक फूल हजार सैनिकांच्या मरणाचं. मन घट्ट करून जा.

तिथून डेन्व्हरपर्यंत आय-७० महामार्गावर साधारण ६०० मैल. हा टप्पा एका दिवसात होतो असं सांगणाऱ्याने तो वाऱ्यात चालवलेला नाही. आडवा वारा दिवसभर गाडी ढकलतो, शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग हातातून सुटल्यासारखं होतं. खांदे भरून आले. वाटेत अॅबिलीनला माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं संग्रहालय आहे, तिथे थांबा. निदान पाय मोकळे होतील. मुक्काम हेजला करा. दुसऱ्या दिवशी गुडलंडला चित्र ठेवायच्या ८० फुटी घोडीवर व्हॅन गॉखच्या सूर्यफुलांची प्रतिकृती उभी दिसते. एरवी हसलो असतो, त्या वाऱ्यात ती देवळासारखी वाटली. या टप्प्याच्या सुरुवातीच्या टोल-रस्त्यावर रोख घेत नाहीत, नंबरप्लेटवर बिल येतं, आणि गाडी देणारी कंपनी टोलाहून जास्त स्वतःची फी लावू शकते. करारातली ही ओळ आधी वाचा.

डेन्व्हर, सांता फे उत्तम. सांगण्यासारखं काही बिघडलं नाही.

लॉस एंजेलिसला गेटी संग्रहालय मोफत, पण गाडीचे २५ डॉलर. बसने गेलात तर तेही वाचतात. तिथे फोटो काढा आणि चित्रांसाठी जवळच्या पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात जा. लहान आहे, पार्किंग फुकट आहे, आणि दक्षिण आशियाई शिल्पं पहिल्या प्रतीची. तमिळनाडूतल्या शिवपुरमच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज काही काळ यांच्याकडेच होता, वादानंतर १९८६ मध्ये भारतात परत गेला. मंगळवार-बुधवारी तिथे कुलूप असतं, म्हणून शहरात गुरुवारी पोहोचा.