भोगीची वांगी आणि दोन किलो भडंग

शनिवार, रात्रीचे साडेदहा

संक्रांत चार दिवसांवर आलीय. उद्या सकाळच्या एसटीनं साताऱ्याला निघायचं, म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं पिशव्या घेऊन गावात गेलो. गावात म्हणजे जुन्या सांगलीत, हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ. विश्रामबागेत राहायला येऊन बारा वर्षं झाली, तरी आमच्या तोंडी ते गावच. तसं इथंही सगळं मिळतं, पण माहेरी न्यायचं ते गावातूनच घ्यायचं असा माझा नियम आहे. हे म्हणतात, नियम तुझा नाही, तुझ्या भावाच्या जिभेचा.

दादाचा फोन दुपारीच आला होता. "कशी आहेस?" विचारून झाल्यावर लगेच, "दोन किलो आण. मागच्या खेपेला तुझ्या वहिनीनं निम्मं शेजारी वाटलं."

म्हणजे भडंग. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर बशीत घातलं होतं. मी आपली बोलून गेले, "अय्या, चुरमुऱ्यांचा चिवडा!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. एक तर ते चुरमुरे नव्हेत, चिरमुरे. आणि दुसरं म्हणजे हा चिवडा नव्हे. तेवीस वर्षांत पहिली चूक सुधारली. दुसरी मी अजून अधूनमधून मुद्दाम करते.

आमचा भडंगवाला ठरलेला आहे. दुकान एवढंसं, पण मागच्या बाजूला कढई चालू असते, त्यामुळे ताजं मिळतं. आज नेमका घाणा निघत होता. तेलात शेंगदाणे तळून झाले, मग सालासकट ठेचलेला लसूण पडला, मग कढीपत्ता. कढई खाली उतरवल्यावर मगच तिखट. आधी घातलं तर करपतं आणि सगळा घाणा कडवट होतो. तो लाल मसाला मोठ्या परातीतल्या जाड चिरमुऱ्यांवर ओतला आणि त्यानं दोन्ही हातांनी खालून वर, खालून वर कालवलं. वर मेतकूट आणि पिठीसाखर. आपण घरी करतो तेव्हा चमच्यानं ढवळतो, तिथंच फसतं. चव बघायला त्यानं कागदावर मूठभर दिलं. त्यातल्या लसणाच्या कुरकुरीत पाकळ्या यांनी माझ्यादेखत वेचून खाल्ल्या. तेवीस वर्षं हेच चाललंय.

त्या दुकानाच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर हातभर, निळ्या रंगाची एक रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही आलो तेव्हा दुकानासमोर चिखलात भिजलेल्या शेंगदाण्यांची पोती पडली होती आणि वास असा, की रुमाल लावूनही थांबवेना. आता दुकानात दोनदा रंग दिलाय. रेघ मात्र दर वेळी सोडून रंगवतात.

आमची नेहमीची खाणावळ त्याच पुरात गेली. शाळूची भाकरी, सुकं मटण, पांढरा रस्सा मागाल तेवढा. वाढायला मालकीणबाई स्वतः. पुढं वर्षभरानं दुसऱ्या कोणीतरी त्याच जागेत चालू केली. आम्ही मोठ्या आशेनं गेलो. रस्सा लालभडक, चव नुसती रंगाची, आणि भाकरी दोनच्या वर मागितली तर पोरगा आत विचारायला गेला. हे बाहेर पडून एवढंच म्हणाले, "पाण्यानं नेली ती बरी होती." परत गेलो नाही.

हळद गणपती पेठेतून घेतली, हळदी-कुंकवासाठी. सांगलीच्या बाबतीत माझी आई फक्त या एकाच गोष्टीवर हुज्जत घालत नाही. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून ती डब्यावर "लेकीकडची" अशी चिठ्ठी लावून ठेवते.

वांग्यांवरून मात्र दरवर्षी वाद. भोगीच्या भाजीला मी इथून कृष्णाकाठची वांगी नेते. आज मंडईत एका मावशींकडे छान ढीग होता, देठाला काटे असलेली. "डिग्रजची हायती, सकाळी तोडल्यात." वांगं दाबून बघायचं नसतं, हातात तोलायचं. आकाराच्या मानानं हलकं लागलं तर आत बिया कमी. मी एकेक तोलत बसले आणि हे मागं उभे राहून घड्याळ बघत होते. आईचं म्हणणं, कृष्णाकाठ काय सांगलीनंच विकत घेतलाय का, कृष्णा आधी आमच्या माहुलीवरनं जाते. खरंच आहे. पण वांगी ती माझ्याच पिशवीतली शिजवते.

परतताना लोणी डोसा. ती गाडी यांनी शोधलेली, म्हणून त्यांचा मान. गाडीवाल्यानं विचारलंसुद्धा नाही. दोन डोसे, एकाला लोणी जास्त, चटणी दोनदा. मला खरं तर आज उत्तप्पा खायचा होता. बोलायच्या आत डोसा तव्यावर पडला होता. नेहमीचं गिऱ्हाईक होण्यात ही एक पंचाईत आहे.

साताऱ्याहून येताना मोती चौकातले कंदी पेढे येतात. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, गोड बेताचं. हे म्हणतात, "पेढ्याला काय भाजायचं? पेढा खावा तर वाडीचा." मग मी नृसिंहवाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी मान्य करते, पेढा करत नाही. गंमत अशी की तिकडं गेले की दादाशी मी वाडीच्या पेढ्यावरून भांडते. मागच्या दिवाळीला वहिनी हसून म्हणाली, "वन्सं, तुमचं नक्की गाव कुठलं?" मी चहाचे कप उचलून आत गेले.

पिशवी भरून दाराशी ठेवलीय. वांगी वर, म्हणजे दबायची नाहीत. खाली हळद, मधे भडंगाची अर्ध्या अर्ध्या किलोची चार पाकिटं.

लिहिता लिहिता बाहेरून कुरकुर ऐकू आली. उठून पाहिलं तर यांनी एक पाकीट फोडलं होतं. कांदा चिरलेला, लिंबू पिळलेलं, बशी दोघांत एक.

"दादाला दीड किलो पुरेल," म्हणाले. "बस, लसूण ठेवलाय तुला."

दोन पाकळ्या होत्या.