बांद्र्याच्या अंकलचा जॅझ बेस: बाइंडिंग आहे, ब्लॉक नाहीत

तर अंकलचा फेंडर जॅझ बेस (फेंडर कंपनीची बेस गिटार) एकदाचा माझ्या टेबलावर आलाय. तरुणपणी जहाजावरच्या बँडमध्ये वाजवायचे तेव्हा घेतलेला, वर्ष विचारलं की "सिक्स्टीज् मॅन" एवढंच उत्तर. फोटो बघून आपल्यातल्या निम्म्या जणांनी नेक (गिटारची मान) बदललेली आहे असा निकालच देऊन टाकला, कारण फिंगरबोर्डच्या कडेला बाइंडिंग (कडेची पट्टी) आहे पण इनले (बोटांची जागा दाखवणाऱ्या खुणा) मात्र साधे ठिपके.

मला तर उलट तोच सगळ्यात भारी पुरावा वाटतो. जॅझ बेसला बाइंडिंग आधी आली, १९६५ च्या शेवटाकडे, आणि ब्लॉक, म्हणजे चौकोनी, इनले १९६६ मध्ये, म्हणजे मधल्या थोड्याच महिन्यांत बाइंडिंग प्लस ठिपके अशा नेक निघाल्या. नंतर कोणी बदलायचीच म्हटली तर अशी नेक शोधून आणणार कुठून?

नेक उघडावी लागणारच होती कारण त्या काळच्या फेंडरचा ट्रस रॉड (नेकचा बाक सरळ करणारी आतली सळी) टाचेकडून, म्हणजे नेक बॉडीला जोडते त्या टोकाकडून, फिरवायचा असतो, पण आपल्या हवेत स्क्रू असे गंजलेत की आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं. टाचेवरच्या शिक्क्यात ७ आहे, म्हणजे जॅझ बेस, महिना पुसलाय, पुढे ६६ आणि ए. ए म्हणजे नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) रुंदी दीड इंच, व्हर्नियर लावला तर ३८ मिमी, बरोब्बर.

पॉटवर (आवाज-टोनच्या नॉबखालचा भाग) १३७६६१२. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, मग ६६ साल, बारावा आठवडा, म्हणजे मार्च. पण पॉटवरून लगेच वर्ष ठरवू नका रे, सीबीएस या अमेरिकन कंपनीने १९६५ मध्ये फेंडर विकत घेतल्यावर ६६ चे पॉट ढिगाने भरून ठेवले होते आणि ते पुढे कित्येक वर्षं वापरात होते. पॉट फक्त "याच्या आधीचा नाही" एवढंच सांगतो, नेकच्या शिक्क्याशी जुळला म्हणून मी धरतोय.

राहिला फिंगर रेस्ट, बोटं टेकायची पट्टी. भोकं दोन्ही बाजूंना आहेत आणि रेस्ट सध्या "ई" या सगळ्यात जाड तारेकडे, त्यावरून एकाने बॉडी ७४ नंतरची म्हटलं. फेंडरने रेस्ट तिकडे नेला तो ७४ च्या आसपास हे खरंय, पण "जी" या सगळ्यात बारीक तारेकडची भोकं आतून काळवंडलेली आहेत आणि "ई" कडची फिकट, वर थोडी तिरकी. अंकलना विचारलं तर म्हणे अंगठा टेकायला जहाजावरच्या सुताराकडून हलवून घेतलेला. झालं!

नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला तर बॉडी पिवळसर हिरवी चमकते, जुन्या नायट्रो लॅकरसारखी (त्या काळचं वॉर्निश), फक्त कंट्रोल प्लेटजवळ एक गडद डाग आहे, तिथे टचअप असावा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) अजून उघडले नाहीत, अंकल समोर बसल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही अशी अट आहे, आणि रविवारी चर्चमधल्या मासच्या आधी ते काही यायचे नाहीत.