साठातली सदतिसावी

फक्त शोच्या टेबलावर मिळणारी एक सात इंची रेकॉर्ड हातात यायला मला जर्मनीच्या तीन वाऱ्या कराव्या लागल्या. २०२०, २०२३ आणि २०२४. मधली दोन वर्षं कोरोनात गेली.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचं काम बघतो. दर जानेवारीत फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल हा घरगुती कापडाचा व्यापारी मेळा भरतो. सोलापूरचे टेरी टॉवेलवाले तिथं स्टॉल लावतात, तसा आमचाही असतो. हार्डकोर पंकचं, म्हणजे वेगवान, ओरडून म्हटल्या जाणाऱ्या रॉकचं, वेड मात्र त्याच्या कितीतरी आधीचं, कॉलेजातलं. मित्राच्या हार्ड डिस्कवर मायनर थ्रेट या अमेरिकन बँडची १९८१ची पहिली ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, सापडली. आठ गाणी, सगळी मिळून दहा मिनिटांच्या आत. आमच्या घरात दारूनं काय केलं ते मी लहानपणापासून बघितलंय. माझ्याच वयाचा एक पोरगा नशा न करण्याबद्दल घसा फोडून ओरडतोय, हे ऐकल्यावर त्या रात्री मला झोप लागली नाही. स्ट्रेट एज, म्हणजे नशेपासून लांब राहणं, हा शब्द मला तेव्हा कळला.

या संगीतात रेकॉर्ड पहिल्यापासून हातानं आणि मोजक्याच निघत आल्यात. डिस्कॉर्ड या वॉशिंग्टनच्या रेकॉर्ड कंपनीची पहिली रेकॉर्ड टीन आयडल्स या बँडची, १९८०ची. बँडनं शो करून साठवलेले सहाशेएक डॉलर त्यात घातले आणि हजार प्रती काढल्या. कव्हरं मित्रमंडळींनी बसून कात्रीनं कापली, घड्या घातल्या, चिकटवली. ती रीत अजून टिकून आहे. नवी रेकॉर्ड आली की त्या दिवशीच्या शोसाठी बँड थोडी कव्हरं वेगळी छापतो, त्यांवर हातानं नंबर टाकतो आणि फक्त हॉलमधल्या टेबलावर विकतो. पुढं त्याच प्रती ऑनलाइन दसपट भावानं फिरतात. मी एकदा तशी मागवली होती. कोपरा दुमडून आली, आणि कव्हर शोचं असलं तरी आत नंतरच्या छपाईची साधी काळी प्रत निघाली. त्याच दिवशी ठरवलं, घ्यायची तर जिथं वाजते तिथं उभं राहूनच घ्यायची.

२०२०ला मेळ्याच्या दिवसांतल्या एका शोला मी कार्ड घेऊन गेलो. टेबलावर फक्त रोख चालत होती. एटीएम शोधून परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. २०२३ला रोख होती, पण मेळ्यातलं एक गिऱ्हाईक जीएसएम (कापडाचं वजन) आणि रंगाच्या पक्केपणावरून सात वाजेपर्यंत हलेना. पोहोचलो तेव्हा तिसरा बँड वाजवत होता. टेबलामागचा मुलगा म्हणाला, दार उघडल्यावर वीस मिनिटांत संपल्या. म्हणजे पहिला बँड चढायच्या आधीच खेळ आटोपतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी एक जानेवारी वाचली असती, म्हणून इथं लिहितोय.

२०२४ला मेळ्याचा शेवटचा दिवस आणि शो एकाच तारखेला आले, शुक्रवार, १२ जानेवारी. मी सोलापुरातनंच मालकांच्या कानावर घातलं होतं.

"मालक, शुक्रवारी पाचला मला सोडा. पॅकिंगचं मी आदल्या रात्रीच बघून ठेवतो."

"कुठं निघालास?"

"गाण्याला."

"जा. पण सकाळी विमान आहे, ध्यानात ठेव."

सुटे युरो आठवडाभर चहा-कॉफीतून जमवले होते. सॅम्पलच्या सात प्लाय कार्टनमधनं दोन चौकोन कापून बॅगेत टाकले. लोकलनं पाऊण तास लागला. एका गावाच्या युवा केंद्रातला छोटा हॉल, दार उघडायला तासभर होता आणि माझ्यापुढं वीसेक जण. थंडी अशी की बोटं कळेनात. पुढच्या मुलानं मार्कर दिला आणि मी दोन्ही हातांच्या पाठीवर फुल्या काढल्या. ही फुलीसुद्धा अमेरिकेतल्या हार्डकोरचीच गोष्ट. अल्पवयीन पोरांना बारवर दारू मिळू नये म्हणून क्लबवाले हातावर ती काढायचे. १९८०मध्ये टीन आयडल्सनं ही पद्धत सॅन फ्रान्सिस्कोत बघितली आणि वॉशिंग्टनला नेली. पुढं मोठी झालेली पोरंही ती आपणहून काढायला लागली.

दार उघडलं. मी स्टेजकडं बघितलंसुद्धा नाही, सरळ मागच्या टेबलाकडं गेलो. माणशी एकच प्रत. एकूण तीनशे प्रती काढलेल्या, त्यातल्या साठांना शोचं कव्हर. माझ्या हातात आली ती सदतिसावी.

कव्हर स्क्रीनप्रिंटचं होतं. माझा हात आपोआप छपाईवर गेला, धंद्याची सवय. करड्या जाड कागदावर काळी शाई, तिच्यावर लाल. लाल रंग एका बाजूला केसभर सरकलेला. टॉवेलवर असतं तर मी तो माल परत पाठवला असता. इथं मात्र त्या सरकलेल्या कडेवरनं मी परत परत बोट फिरवत होतो, कारण ती अशी फक्त याच प्रतीवर आहे. खाली पेन्सिलीनं ३७/६०. आत पारदर्शक रेकॉर्ड, लाल शिंतोड्यांची. खाचा संपतात तिथं लेबलाजवळ सुईनं कोरलेली चार शब्दांची ओळ, दिव्याखाली तिरकी धरल्यावरच दिसणारी.

रेकॉर्ड घेऊन गर्दीत शिरणं म्हणजे ती मोडणंच. टेबलावरच्या मुलीला विचारलं, तिनं कव्हरवर चिठ्ठी लावून ती मागं ठेवून घेतली. चिठ्ठीवर मी नाव देवनागरीत लिहिलं. तिचे आभार कसे मानावेत सुचेना. बॅगेत आईनं दिलेली शेंगाची चटणी होती, तीच पुढं केली. ती व्हीगन, म्हणजे दूध-तूपसुद्धा न खाणारी. चटणीत काय काय आहे ते तिनं नीट विचारून घेतलं: शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. मग उभ्याउभ्या चार बोटं चाटली आणि शेजारच्यालाही दिली.

ज्यांची रेकॉर्ड घेतली तो बेल्जियमचा बँड पंचवीस मिनिटं वाजला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. बाहेर आलो तेव्हा थंडी वाजत नव्हती.

परतीत रेकॉर्ड दोन कार्टनच्या मध्ये, वरून आमचाच टॉवेल, आणि हातातल्याच बॅगेत. सामानात द्यायची नाही, हे नक्की. मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर पकडली, बॅग वरच्या बर्थवर उशाशी घेतली. सोलापूरला सकाळी उतरलो तर होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली.

आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, म्हणून रेकॉर्ड ठेवायला तळमजल्यावरची उत्तरेची खोली आहे. सगळ्या उभ्याच ठेवतो, आडवी एकही नाही. तिथंच प्लेअर. दुपारी दार लावून ही लावली. एका बाजूला तीन गाणी, साडेचार मिनिटं. दुसरी बाजू लावायला उठलो तर आई दारात उभी.

"एवढं काय ओरडायलेत रे?"

"नशा करू नका म्हणतायत."

ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग आत येऊन पलंगावर टेकली.

"परत लाव की."