उतरलेला गंधार

डबल बेस (व्हायोलिनसारखंच, पण माणसाएवढं उंच, चार जाड तारांचं वाद्य) घरी आला त्याआधी मी सात वर्षं बेस गिटार वाजवत होतो, त्यामुळे पहिल्याच रात्री हौसेने कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) धरायला गेलो, जाड तारांवर ए, सी शार्प, ई, म्हणजे सा, ग, प, गिटारवाले धरतात तशी एकावर एक रचून. सकाळी खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं, "अरे, टाकीची मोटार रात्रभर चालू राहिली होती का रे?" आता बघा, खुली (न दाबलेली) 'जी' (G) तार 98 हर्ट्झ आणि मोटार-ट्रान्सफॉर्मरची घरघर 100 हर्ट्झ, म्हणजे काकूंचा कान तसा तयार आहे!

प्रॉब्लेम माझ्या बोटांचा नव्हताच (म्हणजे होता, पण तो नंतरचा). सगळ्यात जाड ई तार 41 हर्ट्झला बोलते आणि इतक्या खाली सा आणि ग शेजारी-शेजारी बसवले की त्यांच्यातून निघणारे वरचे सगळे स्वर एकमेकांच्या अंगावर पडतात, कान त्यांना वेगळं करूच शकत नाही, नुसती गिचमिड. म्हणून इथे कॉर्ड म्हणजे काय गाळायचं ते आधी ठरवायचं. पंचम गाळा, गंधार वरच्या सप्तकात न्या.

आणि इथे ट्युनिंग एकदम मदतीला येतं. तारा ई, ए, डी, जी, चौथ्या-चौथ्या सुरावर, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर. आता ए तार सोडून बाकीच्या तीन नुसत्या छेडा, काहीही न दाबता, तर ई, डी, जी वाजतात आणि ती आहे ई मायनर सेव्हन (ई हा सा, वर कोमल ग आणि कोमल नी), पाचवा स्वर सोडून. फुकटात! जी तारेवर एक सेमीटोन (अर्धा सूर) वर दाबलं की ग शुद्ध होतो आणि तीच डॉमिनंट सेव्हन, मग डी तारेवरही एक सेमीटोन वर गेलं की नीसुद्धा शुद्ध, म्हणजे मेजर सेव्हन. हाच आकार मानेवर कुठेही सरकवा. मला हे कळायला चार महिने लागले आणि कळल्यावर इतका राग आला की कुणी आधी का नाही सांगितलं.

उजव्या हाताला अंगठा ईवर, दोन बोटं वरच्या तारांवर. बोने (गजाने) मात्र हे जमत नाही, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज गोलाकार असतो त्यामुळे बो एका वेळी शेजारच्या दोनच तारा धरतो, ई आणि जी एकदम कशा लागणार. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या क्वार्टेटमधला (चौघांच्या बँडमधला) बेसवाला जिमी गॅरिसन सोलोमध्ये सरळ बोटांनी तारांवरून झाडू मारायचा, फ्लामेंको गिटारवाल्यासारखा. ऐकायला सोपं वाटतं. माझं दोन मिनिटांत बोट सोलतं.

पण मी ज्यात अडकलोय ती गोष्ट वेगळीच. ए सेव्हनसाठी (एवरची डॉमिनंट सेव्हन) खुली ए तार आहेच, मग डी तारेवर जी आणि जी तारेवर सी शार्प, बस. एकदा रात्री सगळं शांत असताना नुसती खुली ए छेडली आणि कान लावून बसलो तर तिच्यातूनच बारीक सी शार्प येत होता, तानपुऱ्याच्या खर्जातून येतो तोच आपला स्वयंभू गंधार. मग माझा सी शार्प त्याच्याशी जुळवून बघितला तर आवाज सेकंदाला दोनदा हेलकावत होता, वाव्-वाव् असा. बोट मागे घेत गेलो. पाच-सहा मिलिमीटर मागे आल्यावर हेलकावे थांबले आणि लाकडाचं पोट आतून भरल्यासारखं झालं, अंगाला टेकलेलं असतं ना, तिथे कळतं ते. पडदे नाहीत म्हणून रोज शिव्या घालायचो त्याच वाद्याला.

परवा रिहर्सलला पियानोवाला दोनदा थांबला. "तुझा थर्ड फ्लॅट लागतोय रे." म्हणजे गंधार उतरलेला. म्हटलं, नाही, बरोबर लागतोय. तर म्हणे, "मग माझ्या पियानोला सांग तसं." त्याचंही खरं आहे, पियानोचा गंधार मुळातच चढा, आणि तो काही बोट मागे घेऊ शकत नाही. त्यामुळे आता तो असला की मी फक्त ए आणि जी वाजवतो, गंधार त्याचा. नशिबाने तो रिहर्सलला नेहमी वीसेक मिनिटं उशिरा येतो, तेवढ्यात मी माझा वाजवून घेतो.